एका डोळ्याचा प्रेक्षक

मी पुठ्ठ्याचा चष्मा. एकीकडे लाल कागद, दुसरीकडे निळा. दोन्ही डोळ्यांनी माझ्यातून पाहिलं की पडद्यावरचं चित्र अंगावर येतं.

माझे मालक राल्फ केटोला, सिनेमे काढणारे. अमेरिकेतल्या डलूथ गावात त्यांनी असला पहिला सिनेमा लावला, तेव्हाचा मी. त्यांचे वडील ऑटो, जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबलेले. "भिंतीवरच्या सावल्या विकतोस, हा काय धंदा झाला?" असं म्हणायचे. लेकाचं काम बघायला कधी आले नव्हते. त्या दिवशी आले. राल्फसाहेबांनी मला त्यांच्या नाकावर बसवलं.

आणि मी चपापलो. निळ्या कागदामागचा डोळा काचेचा होता, खरा डोळा गिरणीत ढलपी लागून गेलेला. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण आनंदाच्या भरात राल्फसाहेब विसरलेच!

पडद्यावर अस्वल झेपावलं. लोक किंचाळून वाकले. म्हातारबाबा शेजाऱ्याचं बघून वाकले, जरा उशिराच. असं दोन तास. एकदाही चुकवलं नाही.

दिवे लागले.

"बाबा, कसं वाटलं?"

"अरे, अस्वल पार मांडीवर आलं की माझ्या!"

राल्फसाहेब हसत मला काढायला वाकले आणि तो डोळा समोर आला. त्यांचा चेहराच उतरला.

"बाबा... तुम्हाला तर अंगावर येणारं काहीच दिसलं नसेल."

"न दिसायला काय झालं? माणसं दिसली. एवढी खूश माणसं गिरणीत नाही पाहिली कधी. रडतोस काय येड्या? चल, आई कॉफीला थांबलीय."

मग राल्फसाहेबांनी नवंच खूळ काढलं. खुर्च्यांखाली विजेच्या मोटारी बसवल्या. पडद्यावर आगगाडी धावली की माणूस गदागदा हलायचा. टोप्या पडल्या, बायकांनी शिव्या घातल्या. म्हातारबाबा मात्र हातानं कवळी सावरत हसले. "आत्ता कसं! हे मलाही कळतंय!" तिथं माझी गरज नव्हती, तरी मला नाकावर चढवूनच बसले होते.

तो सिनेमा नऊ दिवस चालला. म्हातारबाबा नऊही दिवस आले.

आता दोघंही नाहीत. माझे रंग विटलेत, एक दांडी गेलीय. कुणाच्या हाती लागलोच, तर एवढं करा. माझ्या मधोमध म्हातारबाबांच्या नाकाचा बाक पडलाय. तो सरळ करू नका.