केशरबाईंच्या हातावर मेंदी

वर्तकनगरातली सुजीव सोसायटी रविवारी दुपारी दोन वाजता दुभंगणार होती. भांडणबिंडण काही नाही; इमारतच मधोमध आवळत जाऊन एकीच्या दोन होणार होत्या. दहावीतल्या रुचिताचं सातव्या मजल्यावरचं घर नव्या इमारतीत जाणार होतं आणि तिला एकच घोर होता: केशरबाई.

केशरबाई सोसायटीचं भंगार खायच्या. अक्षरशः! मोडका मिक्सर, गंजकी ग्रिल मटामटा खाऊन संध्याकाळी कोरे करकरीत स्क्रू काढून द्यायच्या. एरवी त्यांच्यावाचून सगळ्यांचं अडायचं. पण दुभंगताना ऑफिसच्या भिंती विरघळत आणि इमारतीच्या बांधणीच्या शेहेचाळीस वह्या, प्रत्येकीच्या दोन प्रती, पॅसेजमध्ये उघड्या पडत. त्या वाचूनच दोन्ही इमारती उभ्या राहायच्या. एकवीस नंबरच्या वहीत जिने होते. नेमकी तीच बाईंच्या पोटात गेली तर?

"काळजी कसली?" सेक्रेटरी भाऊ म्हणाले. "नोटीस लावलीय. बाईंना आज निर्जळी उपास."

रुचिताने कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, विज्ञानात शिकलेय मी, उपाशी पेशी स्वतःचंच सामान जास्त खाते! बाई काय वेगळ्या आहेत?"

पावणेदोनला भिंती विरघळल्या. केशरबाई वह्या हुंगत आल्याच.

"पिवळ्या पडल्यात गं. भंगारच हे."

"बाई, हात लावू नका!"

"हात न लावता खाऊ कशी?"

रुचिताची ट्यूब पेटली. ताईच्या लग्नातले उरलेले मेंदीचे कोन घेऊन ती धावत आली. "नव्या इमारतीच्या बारशाला असे भुंडे हात?"

बाई भिंतींसारख्याच विरघळल्या. रुचिताने कोपरापर्यंत मेंदी काढली.

"पेशीतपण मेंदी काढतात काय गं?" भाऊंनी विचारलं.

"जवळपास. खाणाऱ्या यंत्रणेवर विभाजनापुरत्या खुणा चिकटवतात. मग भूक लागो न लागो, ती गप्प. काम झालं की खुणा पुसायच्या."

करकर करत इमारत आवळू लागली. वह्यांच्या जोड्या फुटून अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे सरकल्या. एकवीस नंबर मात्र मध्येच अडकली. केशरबाई बोटं फाकवून वाकल्या, थेट तोंडच पुढे!

"बाई, वह्यांना कोपर घासून मेंदी फिसकटेल!"

त्या झटकन सरळ झाल्या. वही सुटली, सरकत पलीकडे गेली आणि तिच्याभोवती नवी भिंत उभी राहिली.

रुचिता नव्या जिन्याने सात मजले चढली आणि उगाचच पुन्हा उतरली. खाली केशरबाई नळावर हात धूत होत्या. रंग काळाभोर चढला होता. पदराला हात पुसून त्यांनी सगळ्यात आधी भाऊंची उपासाची नोटीस खाल्ली, टाचण्यांसकट.