चारणीचा गळा

बादशहाचा मला राग आहेच, पण तो परका. खरा राग आहे तो आमच्या रावजींचा आणि माझ्या नवऱ्याचा.

बादशहाची फौज रावजींच्या भोमगढाला वेढा घालून बसली होती. गडावर माझी लेक, दिवस भरत आलेली. रावजी स्वार घेऊन डोंगरात फिरत होते, फौजेची रसद तोडत होते. धान्याच्या बैलांचा आणखी एक तांडा पोहोचला नाही, तर फौजेला उठावंच लागणार होतं. नेमका तोच तांडा सुखरूप पोहोचवायचा शब्द माझ्या नवऱ्याने, खेतदानजींनी, वणजाऱ्यांच्या नायकाला देऊन टाकला. पोती कुणाची, हे विचारलंसुद्धा नाही. चारण विचारत नाही म्हणे.

आम्ही चारण राजांची गाणी गातो आणि तांड्यांपुढे चालतो. कुणी वाट अडवली की चारण कट्यार स्वतःच्याच गळ्याला लावतो. त्याचं रक्त सांडलं तर अडवणाऱ्याचं कूळ बुडतं, म्हणून आमच्या वाटेला कुणी जात नाही.

त्या दिवशी मी स्वारांसाठी भाकरी घेऊन घाटात आले होते. तांडा आला, रावजी आडवे झाले. खेतदानजींनी कट्यार गळ्याला लावली. आणि बादशहापुढे मान न वाकवणारे आमचे रावजी घोड्यावरून उतरले, हात जोडून बाजूला झाले. गडावर माणसं झाडाची साल उकडून खात होती आणि हे सगळे रस्त्याच्या कडेला आपापलं पुण्य सांभाळत उभे! माझं डोकंच फिरलं. टोपली टाकली, जवळच्या स्वाराची कट्यार ओढली आणि ती गळ्याला लावून नवऱ्याच्या वाटेत मांडी ठोकून बसले.

"केसर, ऊठ. शब्द दिलाय मी."

"मग जा की. मीही चारणाचीच लेक आहे. बैल माझ्या अंगावरून घाला."

"मला पापात ढकलतेयस तू."

"पोटच्या पोरीला उपाशी मारायला निघालात, ते काय पुण्य आहे?"

माझ्या गळ्यावरून रक्त ओघळू लागलं, तसे ते मटकन समोर बसले. तांड्याला सोडणार नाही आणि हिला ओलांडणारही नाही, एवढंच त्यांनी नायकाला सांगितलं. नायक शिव्या घालत राहिला. चारणाला सोडून मागेपुढे हलावं, तर रावजींचे स्वार टपलेलेच. बैल भुकेने हंबरू लागले आणि त्यांच्यासाठी एकेक पोतं फुटत गेलं. फौजेचे जव बैलांनीच फस्त केले. शेवटी फौज वेढा उठवून निघून गेली.

मग दरबार भरला. चारणाने शब्दही राखला आणि गडही राखला म्हणून रावजींनी खेतदानजींना शेजारी बसवलं, आपल्या ओंजळीतून मानाचं अफूचं पाणी पाजलं, एक गाव दिलं. मी पडदा सारून पुढे आले.

"गळा कुणाचा चिरला होता, रावजी?"

"बाईसा, गाव तुमच्याच घरात येतंय," रावजी समजुतीने म्हणाले.

"माझ्या लेकीला मुलगा झाला. मेलेला. तिच्या अंगात त्याला पोसायला काही उरलंच नव्हतं. तांडा अडवायला कुणाचा तरी गळाच लागत होता, तर त्या दिवशी घाटात तुमच्या गळ्याला काय झालं होतं?"

रावजींनी मान खाली घातली. बादशहाला जे जमलं नव्हतं, ते झालं. खेतदानजी उठले आणि माझ्यामागून चालू लागले.

गाव आम्ही घेतलं नाही. रावजींच्या पराक्रमाची गाणी आता इतर चारण गातात. आमच्या घरात कुणी गात नाही.