रबरी रोग्याच्या उशाशी

मी एक जुना रबरी रोगी आहे. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर परिचारिकांना शिकवायची एक खोली आहे, तिथल्या पलंगावर मी वर्षानुवर्षे आजारी पडून आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो ते केवळ रीत म्हणून. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ज्याच्या छातीवर आजवर शेकडो जणांनी सगळा भार टाकून जोर काढला, त्याचं मत चांगलं असेल तरी कसं?

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात रबर ओतलं, छातीत एक दणकट स्प्रिंग बसवली, फुप्फुसांच्या जागी दोन पिशव्या घातल्या आणि मानेतून एक नळी बाहेर काढली. त्या नळीच्या टोकाला फुगा आहे. तो कोणी दाबत राहिलं की माझी नाडी लागते, दाबायचं थांबलं की मी मरतो. चेहरा मात्र त्यांनी असा केला, की हा समोरच्याला मनातल्या मनात नावं ठेवतोय असं वाटावं. कारखान्यातल्या लोकांना पुढचं दिसलं असावं.

पहिली काही वर्षं मोठ्या कौतुकात गेली. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे. मग कौतुक सरलं आणि शिकाऊ मुली उरल्या. एकीने माझ्या नाडीऐवजी स्वतःच्याच अंगठ्याची नाडी मोजली आणि मला ठणठणीत ठरवलं. मी त्या वेळी पूर्ण मेलेलो होतो. दुसरीने माझी छाती कणीक तिंबावी तशी तिंबली. तिसरीने मला मिशा काढल्या. त्या मिशा अजून पुसट दिसतात. शिकवणारे डॉक्टर दारात उभे राहून उंटावरून शेळ्या हाकत, आणि जाताना त्यांचा कोट माझ्या तोंडावर टाकून ठेवत.

तरी या सगळ्यांत मला सर्वांत जास्त चीड आली ती एका बाईची. मी तिचं नाव मौनीबाई ठेवलं होतं.

मौनीबाई म्हणजे अतिदक्षता विभागातली जुनी परिचारिका. तिचे हात चांगले होते, हे मी नाइलाजाने सांगतो. सुई कधी दोनदा टोचली नाही. पण रुग्णालयाने नवा नियम काढला, की अतिदक्षता विभागात राहायचं तर त्या विषयाची विशेष परीक्षा पास व्हायला हवी. संधी पाच. पाचही वाया घालवल्या तर तळमजल्यावर केसपेपरच्या खिडकीत बसायचं आणि आलेल्या माणसाला नाव, वय, पत्ता विचारायचा. मौनीबाईला त्या खिडकीची धास्ती होती. अतिदक्षता विभाग सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं.

लेखी परीक्षेत ती दरवेळी पास व्हायची. घोडं पेंड खायचं ते माझ्यापाशी.

प्रात्यक्षिकात मी अचानक मरायचो. परिचारिकेने मला तपासायचं, आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. प्रतिसाद नाही, श्वास नाही, नाडी नाही, मदत बोलवा, छाती दाबायला घेतली. परीक्षक एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते. त्यांचं एकच पालुपद असे, "जे मला ऐकू आलं नाही, ते झालं नाही." यात त्यांचं काही चुकत नव्हतं. खरा रोगी कोसळतो तेव्हा एकजण औषध भरत असतो, एकजण हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राकडे धावत असतो आणि दोघांची पाठ असते. रोग्यापाशी असलेली बाई तोंडाला कुलूप लावून बसली तर त्यांनी काय तिच्या मनातलं ओळखायचं?

पहिल्या वेळी मौनीबाईने मला हलवलं, श्वास पाहिला, मानेवर बोटं ठेवली, सगळं बिनचूक केलं, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. नापास. दुसऱ्या वेळी ती सगळी वाक्यं घोकून आली. 'नाडी' या शब्दापर्यंत पोचली आणि जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी गप्प झाली. तिसऱ्या वेळी तर तिने कहर केला. माझी मान तपासली, मला तसाच टाकून दारापर्यंत गेली आणि बाहेर तोंड करून ओरडली, "नाडी लागत नाही!" बाहेरच्या बाकावर एक बाई नवऱ्याची वाट बघत बसली होती. तिने जो हंबरडा फोडला, तो आवरायला दोन परिचारिका आणि एक शिपाई लागला. नवरा पायाचं प्लास्टर काढायला आला होता. चौथ्या वेळी मौनीबाई कुजबुजली. परीक्षकांनी कानामागे हात धरला, पुढे वाकले, आणि शेवटी चष्मा काढून पुसायला घेतला. तेव्हाच मी ओळखलं.

दर वेळी नापास झाल्यावर सांत्वनाला माणसं येत. मित्रांनो, अपयशापेक्षा सांत्वन वाईट. "अगं, परीक्षेवर का माणूस ठरतो?" असं पास झालेल्या म्हणायच्या. "देव बघतोय," असं मेट्रन म्हणायची. परीक्षक बघत होते तेवढं पुरे नव्हतं का? मौनीबाई मान हलवायची, सगळ्या गेल्या की माझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायची आणि माझ्या चादरीच्या सुरकुत्या काढत राहायची. रडायची नाही. जाताना एवढंच म्हणायची, "येते, काका." अख्ख्या इमारतीत मला काका म्हणणारी ती एकटी. मला त्याचं कौतुक नव्हतं. रबराशी अदबीने वागणारी आणि जिथे तोंड उघडायचं तिथे गप्प बसणारी बाई मला अर्धवट वाटायची.

पाचव्या परीक्षेआधी ती मला सुट्टीच्या दिवसापुरता घरी घेऊन गेली. मेट्रनने परवानगी दिली, कारण मला कोणी चोरणार नाही याची तिला खात्री होती. चादरीत गुंडाळून टॅक्सीत बसवलं. वाटेत माझा हात बाहेर आला. चालकाने आरशात पाहिलं, आणि मग घर येईपर्यंत त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

घरी तिचा नवरा होता आणि सासरे होते. नवरा वीजजोडणीची कामं करायचा. त्याने मला पाहून कपाळाला हात लावला. "सोड ना आता तो नाद," तो म्हणाला. "खिडकीत बसलीस तर काय बिघडलं? बसून काम आहे." मौनीबाई काही बोलली नाही. ती तिची खासियतच होती. तो हत्यारांची पिशवी उचलून कामावर गेला.

सासरे छापखान्यातून निवृत्त झालेले. यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले होते. त्यांनी मला कोचावर पाहिलं आणि विचारलं, "कोण हे?"

"परीक्षेतला पेशंट आहे, बाबा!" ती ओरडली.

"जेवणार आहे?"

"नाही!"

"मग राहू दे," म्हातारा म्हणाला, आणि वाचून झालेलं वर्तमानपत्र त्याने माझ्या पोटावर ठेवलं. त्या घरात माझं स्वागत हे असं झालं.

मौनीबाईने त्यांना खुर्चीत बसवून परीक्षक केलं. युक्ती वाईट नव्हती. जे या म्हाताऱ्याला ऐकू येईल, ते चष्मेवाल्यांना येणारच. तिने मला जमिनीवर झोपवलं, खांदे हलवले, मानेवर बोटं ठेवली. ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," सासरे म्हणाले. "नापास."

पुन्हा केलं. पुन्हा नापास. म्हाताऱ्याला अधिकार फार लवकर मानवतो. तो चौथ्यांदा नापास करताना चक्क खूश दिसत होता. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. मला परत नेऊन ठेवा.

तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, "मला यांच्या उशाशी नाही बोलता येत, बाबा."

"काय?"

"उशाशी बोलता येत नाही!"

"का?"

मित्रांनो, जी गोष्ट तिने कोणाला कधी सांगितली नव्हती, ती तिला एका बहिऱ्या माणसाला सांगायची होती. म्हणजे ओरडूनच सांगावी लागली. शेजारच्या तिन्ही घरांनी ती ऐकली असणार.

"मी नवीन होते तेव्हा!" ती ओरडली. "एक पेशंट बेशुद्ध होता! मी त्याच्या उशाशी उभी राहून दुसरीला म्हटलं, हा काही सकाळ बघत नाही!"

"मग?"

"बघितली त्याने! बरा झाला! जाताना मला म्हणाला, सिस्टर, मी सगळं ऐकत होतो! रात्रभर तेच वाक्य डोक्यात घेऊन पडलो होतो! तुम्हाला सांगावं म्हटलं, पण तोंडच हलत नव्हतं!"

नंतर ती हळूच काही बोलली. ते सासऱ्यांना ऐकू आलं नाही, मला आलं. "तेव्हापासून कोणाच्याही उशाशी वाईट बोलायचं नाही असं ठरवलं. मग ते रबर का असेना."

मी आजवर शेकडो मूर्ख माणसं पाहिली होती. पण माझं मन दुखावेल म्हणून चार वेळा नापास होणारी मूर्ख पहिल्यांदाच पाहिली. माझ्या छातीतली स्प्रिंग गंजली आहे, म्हणून करकरते. त्या वेळीही ती करकरली. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नका.

सासरे खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांचा आवाज चढला. बहिऱ्या माणसांचा चढतोच, पण हा रागाने चढला होता.

"आणि माझ्या कानांचं डॉक्टर काय म्हणाले, ते तू नवऱ्याला जिन्यात जाऊन सांगितलंस! का? म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून?"

ती चपापली. "तुम्हाला कसं कळलं?"

"कान गेलेत, डोळे नाही! तुम्ही दोघं जिन्यातून आलात आणि माझ्याशी एकदम गोड बोलायला लागलात. तेव्हाच समजलो, कान आता परत येत नाहीत. बाई, वाईट बातमीचं एवढं नाही. माझी बातमी मला सोडून सगळ्यांना सांगता, ते लागतं."

ती गप्प बसली. या वेळी मला तिचा राग आला नाही.

"त्या पेशंटबद्दल तू दुसरीशी बोललीस," सासरे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "त्याच्याशी बोलली असतीस तर? हा पडलाय ना समोर? नाडी याचीच आहे ना? मग याला सांग! परीक्षक ऐकतील नाहीतर खड्ड्यात जातील!" मग त्यांनी कोचावर पडलेलं वर्तमानपत्र उचललं आणि त्यामागे तोंड लपवलं. डोळे पुसत असावेत. म्हाताऱ्या माणसांना वाटतं, वर्तमानपत्रामागचं कोणाला दिसत नाही.

ती उठली आणि आधी त्यांच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. "बाबा!" ती ओरडली, "तुमचे कान बरे होणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले! यंत्र लावलं तर थोडं ऐकू येईल! मी तुम्हाला सांगायला हवं होतं!"

"आत्ता ऐकू आलं," सासरे म्हणाले. "पास."

पाचवी परीक्षा माझ्याच पलंगावर झाली. चष्मेवाले भिंतीशी उभे राहिले. मी ठरल्याप्रमाणे मेलो. मौनीबाई माझ्यावर वाकली, खांदे धरले, आणि बहिऱ्या सासऱ्याशी बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली:

"काका! डोळे उघडा! काका, तुम्ही उत्तर देत नाही आहात! तुमचा श्वास मला दिसत नाही! तुमची नाडीही लागत नाही! मी आता तुमची छाती दाबणार आहे. दुखेल, पण मी थांबणार नाही! सिस्टर, मदतीची घंटा वाजवा, यंत्र आणा! काका, आम्ही सगळ्या इथेच आहोत!"

चष्मेवाल्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलताना म्हणाले, "आवाज थोडा कमी केला तरी चालेल हो, सिस्टर." तिने केला नाही. बाहेरच्या बाकावर या वेळी कोणी रडलं नाही. उलट एक म्हातारा आत डोकावला आणि "नशीबवान आहे पेशंट" असं म्हणून गेला. तो मला म्हणाला! मी मेलेलो असताना!

ती पास झाली. थाटात नाही, काठावर. कारण यंत्र येईपर्यंत थोडा उशीर झाला होता, आणि परीक्षक काही देवमाणूस नव्हते. पण खिडकीवर तिच्याऐवजी दुसरं कोणी बसलं, आणि ती अतिदक्षता विभागात राहिली. सांत्वनाला येणाऱ्या सगळ्या आता अभिनंदनाला आल्या आणि "आम्ही म्हणत नव्हतो का!" म्हणाल्या. त्यांच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

यानंतर नवा रोगी आला. त्याला घाम येतो, तो कण्हतो, डोळे मिचकावतो आणि संगणकावर मरतो. सगळ्या त्याच्याभोवती जमल्या. मेट्रन आणि भांडारातला कारकून माझ्या पलंगापाशी उभे राहिले आणि माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलले. "याचं काय करायचं?" "पडू दे इथेच तूर्तास. बघू." बघू म्हणजे काय ते मला समजतं. मी जुना आहे, बाळ नाही. पण कोणी माझ्याकडे पाहूनसुद्धा बोललं नाही.

काही दिवसांनी मौनीबाई आली. तिने चादरीच्या सुरकुत्या काढल्या, माझ्या मिशा ओल्या फडक्याने पुन्हा एकदा पुसून पाहिल्या आणि माझ्यावर वाकली.

"काका," ती म्हणाली, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "तुमची स्प्रिंग गेलीय. दुरुस्त होणार नाही. उद्या भंगारवाला येणार आहे, तो तुम्हाला घेऊन जाईल. मी ड्यूटीवर असेन, खाली येता येणार नाही. म्हणून आज सांगतेय." पलीकडे मुली हसल्या. तिने तिकडे पाहिलं नाही. तिने माझ्या मानेवर बोटं ठेवली. फुगा कोणी दाबत नव्हतं, नाडी लागणार नव्हती, हे तिला माहीत होतं. तरी ठेवली. "येते, काका," ती म्हणाली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी विनवणी करायची असते, की जुन्या वस्तूंना जपा, त्यांची किंमत ओळखा. मी तसलं काही म्हणणार नाही. तुम्ही जपणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तुमच्याबद्दलचं माझं मत होतं तेच आहे. फक्त कधी कोणाच्या उशाशी उभे राहिलात, तर त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलू नका. त्याला सांगा. तो ऐकत असतो.

उद्या भंगारवाला येणार आहे. मला ते माहीत आहे. मला तसं सांगितलं आहे.