ओकारीचे तस्त

मी एक जुने तस्त आहे. पांढऱ्या एनॅमलचे, निळ्या काठाचे, कडेला टवका उडालेले. मित्रांनो, माझ्यात लोक ओकतात. आता "शी!" म्हणून पान उलटायचे असेल तर खुशाल उलटा, मला पाहून नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण तस्तालाही किळस येते, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. ओकारीची येतेच. त्याहून जास्त कशाची येते, ते सांगण्यासाठी आज मी तोंड उघडले आहे. नाहीतरी तस्ताला तोंडाशिवाय दुसरे असते काय?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्र्याला दाबून खोलगट केले, एनॅमलच्या पांढऱ्या घट्ट काल्यात बुचकळले आणि भट्टीत भाजून काढले. बाहेर आलो तेव्हा मी असे चकाकत होतो की तपासणाऱ्या कामगाराने मला टिचकी मारून शेजारच्याला आवाज ऐकवला. दुकानात मला दर्शनी ठेवले होते, आत लालचुटूक सफरचंदे मांडून. आपला जन्म सफरचंदांसाठीच आहे, असे मला वाटू लागले. हसू नका. तुम्हालाही लहानपणी बरेच काही वाटत असेल.

मला विकत घेतले एका नव्या जोडप्याने. बाईने मला उलटेपालटे केले आणि दुकानदाराला म्हणाली, "याला चीर आहे. पैसे कमी करा." चीर कसली नि काय! बाई धडधडीत खोटे बोलत होती, मोठ्या आवाजात आणि मजेत. नवरा मागे उभा राहून चपलांकडे बघत होता. ती जिंकली. मला ती त्याच क्षणी आवडली.

बाईचे बटणांचे आणि दोऱ्यांचे छोटे दुकान होते. नवरा एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळायचा, म्हणून गल्लीत त्याला सगळे बॉयलरवाला म्हणत. तो दिवसभरात जेवढे बोलायचा, तेवढे ती चहा गाळता गाळता बोलून घ्यायची. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भाजीवाला, शेजारी, खुद्द नवरा, कुणाचीच धडगत नसे. माझ्यात भाज्या धुतल्या जात, वाटाणे भिजत, आणि सुटीच्या दिवशी ती दुकानातली मिसळलेली बटणे माझ्यात ओतून निवडत बसे. "माझं तस्त" म्हणायची मला. ते माझे सुखाचे दिवस.

मग एकदा मी ओट्यावरून पडलो. कडेचा टवका उडाला, काळा पत्रा दिसू लागला. घरात प्लॅस्टिकचा टब आला आणि माझी रवानगी मागच्या गॅलरीत, गळक्या पाइपाखाली झाली. तिथे माझ्यात शेवाळ धरले. डासांनी अंडी घातली. एकदा एक पाल पडून फुगली आणि कितीतरी दिवस तशीच राहिली. आयुष्यातली सगळ्यात घाण अवस्था हीच, असे मी समजत होतो. भोळा होतो.

बाई आजारी पडली. कॅन्सर होता, पोटातला, आणि कळला तेव्हा बराच पसरलेला. दवाखान्यात शिरेतून औषध चढवून आणले की तिला उलट्यांवर उलट्या होत. टब मोठा पडायचा, मांडीवर मावायचा नाही. बॉयलरवाल्याला मी आठवलो. त्याने मला खरवडून, उकळत्या पाण्याने धुऊन घरात आणले.

पहिल्या दिवशी त्याने मला तिच्या हनुवटीखाली धरले आणि स्वतःचे तोंड भिंतीकडे फिरवले. व्हायचे तेच झाले. सगळे चादरीवर.

"अहो, तस्त कुठे, मी कुठे!" ती धापा टाकत म्हणाली. "डोळे आहेत का बटणं?"

त्याने मला खाली ठेवले, न्हाणीघरात धावला आणि स्वतःच भडाभडा ओकला. परत आला तेव्हा मान वर करत नव्हता. मित्रांनो, मला त्याची किळस वाटली नाही. तो परत आला होता ना! पुढे तो शिकला. मला आधी थंड पाण्याने धुवायचा, मग गरम. "आधी गरम पाणी घातलं की घाण शिजून बसते," असे एकदा पुटपुटला. धुलाई कारखान्यातले ज्ञान. वरून झाकायला एक ताटली आणली. तिचे तोंड पुसून झाल्यावरच माझ्याकडे वळायचा. आंबट वास, पिवळे पाणी, कधी रक्ताचा धागा. मळमळत मळमळत मी ते सगळे पोटात घेत होतो. पण त्या घाणीत लबाडी नव्हती.

लबाडी नंतर आली, आणि तीही अत्तर लावून.

आजार हाडांत उतरला. डॉक्टरांनी बॉयलरवाल्याला समोर बसवून सांगितले, की तो आता थांबणार नाही. पण दुखणे थांबवता येईल, त्यासाठी या मॉर्फिनच्या गोळ्या. ठरलेल्या वेळी द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. त्याने मान डोलावली. घरी येऊन हे सगळे तिला सांगितलेही. तेवढ्यात त्याची थोरली बहीण टपकली.

या ताईंना तुम्ही पाहायला हवे होते. दारातूनच नाकाला सुगंधी रुमाल. तो गोडमिट्ट वास खोलीत पसरला की माझ्यातले आंबट पाणीसुद्धा बरे वाटे. खुर्ची पलंगापासून लांब ओढून त्या बसल्या आणि गोळ्यांचे पाकीट रुमालाच्याच हाताने उचलून पाहिले.

"मॉर्फिन? अरे, ही तर अफू! चटक लागेल तिला."

"डॉक्टर म्हणाले, ताई..."

"डॉक्टरांचं काय जातंय? आणि आत्ताच एवढी जड गोळी दिलीस, तर शेवटी काय देणार? तेव्हा काही लागू पडायचं नाही, मग बसशील रडत. थोडं सोसायला शिकावं माणसानं." मग पलंगाकडे वळून, साखर पेरत म्हणाल्या, "आमची ही सोशिकच आहे. हो की नाही गं?"

ताई माझ्याकडे बघून "शी, हे झाका तरी" म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या. मला शिसारी आली ती त्या दिवशी. ज्याचे दुखत नाही, त्याने सोसण्याचे धडे द्यायचे, आणि वर बिस्किटे खायची!

बॉयलरवाल्याने ते पाकीट कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. खरेच लागेल तेव्हासाठी. कारखान्यात त्याला हेच शिकवले होते. दाबाचा काटा लाल रेघेकडे जाईस्तोवर वाफ सोडायची नाही, उगाच आधी सोडली तर इंधन फुकट. आणि बॉयलर आवाज करत नाही, म्हणजे सगळे ठीक. फुसफुसला की धावायचे. तीस वर्षांची सवय. बायकोच्या बाबतीतही तो काट्याकडे डोळे लावून बसला.

"दुखतंय का गं?" तो विचारायचा.

"बरं आहे," ती म्हणायची. ते ऐकून त्याचा चेहरा असा उजळायचा, की दुसरे काही सांगण्याची तिची छातीच होत नसे.

मला मात्र सगळे कळत होते. उलटी येत नसतानाही ती मला मांडीवर घेऊन बसे. माझा काठ दोन्ही हातांनी आवळून धरी. कळ आली की तिची नखे पांढरी पडत, अंगठा माझ्या टवक्यावर दाबला जाई आणि एकदा तर कापलाही. तोंडातून आवाज नाही. नवऱ्याला वाटायचे, तिला मळमळतेय. तो बिचारा खिडकी उघडायचा, लिंबू हुंगायला द्यायचा. मला त्या लिंबाचा वीट आला. त्या "बरं आहे"चाही आला. खोलीत सगळे एकमेकांशी इतके समजूतदारपणे वागत होते, आणि पाकीट वरच्या खणात होते.

गप्प गप्प होत ती भिंतीकडे तोंड करून पडू लागली. भाजीवाल्याची हाक आली तरी वळेना. गल्लीतली माणसे येऊन म्हणत, "किती शांत झाल्यात हो!" वाः! जिचा आवाज चौकापर्यंत जायचा ती शांत झाली, आणि हे तिचे कौतुक करत होते.

एका दुपारी तिला बटणे पुरवणारा व्यापारी आला. हा मला कधीच आवडला नव्हता. केस तेलकट, हसणे त्याहून तेलकट. शिंपल्याच्या बटणांचे पैसे घेऊन त्याने प्लॅस्टिकची बटणे आणली होती, आणि आता शिव्या खायच्या तयारीने पिशवी पुढे करून उभा होता.

"वहिनी, जरा गडबड झाली बघा मालात."

तिने पिशवीत हात घातला. एक बटण बोटांत फिरवले. तिला कळले, तिला अंधारातही कळले असते. "असू दे," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

व्यापाऱ्याचे हसू मावळले. तो स्वयंपाकघरात गेला. तिथे बॉयलरवाला मला पुसत उभा होता.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "वहिनी भांडल्या नाहीत."

"शांत झालीय ती आता."

"शांत कसल्या? इतकी वर्षं मी त्यांना फसवायला बघतोय, एकदाही सोडलं नाही त्यांनी मला. फार दुखतंय का हो त्यांना?"

बॉयलरवाल्याच्या हातातला फडका थांबला. त्या लबाड माणसाला जे दिसले, ते घरातल्या कुणालाच दिसले नव्हते. मला त्या क्षणी त्या घराची किळस आली.

तो मला तसाच ओला घेऊन आत गेला आणि पलंगावर बसला. "माझ्याकडे बघ. खरं सांग, किती दुखतंय?"

"बरं आहे."

"बरं असतं तर तू त्याला असं जाऊ दिलं असतंस?"

तिने माझा ओला काठ आवळला. मग तिचा चेहराच वेडावाकडा झाला. "आतून कुणीतरी हाडं पिळतंय हो," ती म्हणाली. "रात्रंदिवस. पण ती गोळी आत्ताच घेतली आणि पुढे लागू पडली नाही, तर मी काय करू? ताई म्हणाल्या ना. मला भीती वाटते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमचं तोंड बघवत नाही मला."

तो रडला. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, शर्टाच्या बाहीला पुसत. ओंगळ दृश्य होते ते, आणि मला त्याचा जराही तिटकारा आला नाही. मग उठून त्याने दवाखान्याच्या सिस्टरला फोन लावला.

सिस्टर त्याच संध्याकाळी आल्या. रुमाल नव्हता त्यांच्याकडे. कपाटातले न फोडलेले पाकीट पाहून त्या चिडल्या.

"काका, ही गोळी शेवटची म्हणून राखून ठेवायची नसते. दुखणं वाढलं तर डोसही वाढवता येतो. चटकेचं म्हणाल तर दुखण्यासाठी डॉक्टर देतात तशी घेतली, तर त्याची काळजी नको."

"मी वाट बघत होतो. काटा लाल रेघेला..."

"हा बॉयलर नाही, काका. लाल रेघेपर्यंत जाऊच द्यायचं नाही." मग बाईकडे वळून म्हणाल्या, "काकू, आणि पोट साफ होणार नाही या गोळीनं. त्याचं औषधही रोज घ्यायचं. लाजायचं नाही."

"लाजू कशाला?" बाई म्हणाली. "ते धुणार तर हे आहेत."

गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. सुरुवातीला तिला गुंगी आली, दोनदा माझी गरज पडली. मग एका सकाळी तिने मला मांडीवर घेतलेच नाही. नाश्ता झाल्यावर मला उचलून उजेडात धरले आणि कडाडली, "अहो! हे धुतलंय का नुसतं ओलं केलंय? कडेला बघा काय चिकटलंय! शी!"

तो स्वयंपाकघरातून धावत आला, ओरडा खात उभा राहिला, आणि त्याचे हसू काही केल्या लपेना.

"दात काय काढताय? त्या बटणवाल्याला फोन लावा. प्लॅस्टिक देतो काय मला!"

मित्रांनो, गोळीने आजार गेला नाही. तो आपल्या वाटेने गेला, आणि शेवटी तिला घेऊन गेला. मधल्या महिन्यांत दुखणे वाढले, डोस वाढला, वाईट दिवसही आले. पण त्या महिन्यांत ती जेवणाला नावे ठेवत होती, व्यापाऱ्याकडून पैसे परत वसूल करत होती, नवऱ्याच्या मांडीवर पाय टाकून दुपारभर झोपत होती. शेवटच्या सकाळीही तिने त्याला उशी नीट लावता येत नाही म्हणून झापले होते.

ती गेल्यावर माणसे जमली. ताईही आल्या, रुमालासह. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते आधी फेकून दे रे, किळसवाणं!" मग सगळ्यांना ऐकू जाईल असा उसासा टाकला. "किती सोशिक होती! पण शेवटी यानं तिला अफूवर ठेवली. सोसलं असतं तिनं."

बॉयलरवाला कधी ताईंना उलटून बोलला नव्हता. तो म्हणाला, "ताई, ती सोसत होती तेव्हा माझ्याशी भांडतही नव्हती. गोळीनं मला माझी बायको परत दिली. तू चहा घे आणि जा."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा. माझे तसे काही म्हणणे नाही. मला फेकले तरी चालेल. पण घरात कुणी दुखण्याने मुके झाले असेल, तर त्याला शांत म्हणू नका. "सोस" म्हणू नका. विचारा, आणि "बरं आहे" म्हणाले तर पुन्हा विचारा. औषध असेल तर ते वरच्या खणात ठेवू नका. आणि ओकारीची किळस आली तर येऊ द्या, मलाही येते. हवे तर नाक धरा. पण तिथेच बसा.