दुसऱ्या खुर्चीचं वजन

बेकरीवाल्याच्या बायकोनं विमान बनवलं. हे वाक्य त्याला इतकं आवडायचं, की पाव न्यायला आलेल्या प्रत्येकाला तो ते सुट्ट्या पैशांबरोबर ऐकवायचा.

विमान म्हणजे लांबच लांब पंखांचं, दोन खुर्च्यांचं, हलकंफुलकं मोटर ग्लायडर. इंजिनाच्या जोरावर वर चढायचं, चढलं की इंजिन बंद करायचं आणि तापलेली हवा उचलून धरेल तेवढा वेळ तरंगत राहायचं. अट एकच. माणसं, पेट्रोल आणि विमान मिळून वजन ठरल्यापेक्षा किलोभरही जास्त व्हायला नको. बाई पेशानं इंजिनीअर आणि स्वभावानं त्याहून कडक. तिनं रंगाचा एकच हात दिला, खुर्चीच्या गाद्या निम्म्या केल्या, दांड्यांना भोकं पाडली. त्यानं कौतुकानं एक छोटा आरसा बसवला, तर आरशासकट त्याला घरी पाठवून दिलं.

पहिलं रेखाटन जेवणाच्या टेबलावर झालं, तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं होतं, तुझं वजन किती? त्याच्या तोंडात बिस्किट होतं. तो म्हणाला, ऐंशी. ते त्याचं लग्नातलं वजन होतं. त्यानंतर तो रोज स्वतःच्या भट्टीतला माल चाखून बघत आला होता, आणि चांगला बेकरीवाला चाखण्यात कसूर करत नाही.

विमान तयार झालं. बाई एकटीनं ते चार-सहा वेळा उडवूनही आली. आता दोघांनी बसायचं होतं आणि त्याआधी भरलेल्या टाकीसह सगळं तोलायचं होतं. तिन्ही चाकांखाली बेकरीतलेच मैदा तोलायचे काटे आले. बाजूला बाईची धाकटी बहीण, फुंकर मारली तर उडेल अशी, आकडे वाचायला उभी. भाऊजींना भीती वाटली तर मी आहेच, असं ती आठवडाभर हसत हसत सांगत होती. बेकरीवाल्यानं काट्यांकडे बघितलं. काटे त्याचे, त्यांचा स्क्रू कुठे पिळायचा हे त्याला ठाऊक. पण आयुष्यात त्यानं पावशेराची खोट केली नव्हती, आणि इथे तर बायको शेजारी बसणार होती.

"ऐका गं जरा," तो दोघींना म्हणाला. "मी ऐंशी नाही. चौऱ्याण्णव आहे."

बाईनं पेन्सिल खाली ठेवली. मग जे काय ती बोलली त्यात भोकं पाडलेल्या दांड्या होत्या, निम्म्या गाद्या होत्या आणि आरसाही होता. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाला, की खुर्ची बहिणीला दे. बाईनं त्याला गप आत बसायला सांगितलं, आणि स्वतःही बसली.

मेहुणीनं तिन्ही आकडे वाचले, बेरीज केली, पुन्हा केली. एकवीस किलो जास्त.

रिकामं विमान कालच तोललं होतं, त्यात काही फरक नव्हता. टाकीत पेट्रोल मोजून घातलं होतं. बेकरीवाल्याचा हिशेब तोंडी पक्का.

"चौदा माझे," तो म्हणाला. "उरलेले सात कुणाचे?"

बाई समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. कान लाल झाले होते. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं बघावं वाकून, एवढंच मेहुणी म्हणाली आणि हसत जमिनीवर बसली. मग बाईलाही हसू फुटलं. दोघं इतकी हसली, की काट्यांचे आकडे थरथरायला लागले.

डोळे पुसत त्यानं पुन्हा खुर्चीचं काढलं. तुझी बहीण हलकी आहे, पहिल्यांदा तिलाच ने.

"एका खुर्चीचं केलं असतं, तर मी दोन वर्षांपूर्वीच उडाले असते," बाई म्हणाली. "सोपंही पडलं असतं. दुसरी खुर्ची काय बहिणीसाठी केली?"

आणि तिनं पेन्सिल उचलली. दोन्ही खुर्च्यांची परीक्षा मैद्याच्या पन्नास किलोंच्या दोन-दोन पोत्यांनी झाली होती, त्यांची काळजी नव्हती. पेट्रोल एकवीस किलो काढलं तर चढण्यापुरतं उरत होतं आणि वर थोडं हाताशी. तरंगायला हवा फुकट होती.

ते चढले. गावाबाहेरच्या नांगरलेल्या शेतांवर तिनं इंजिन बंद केलं. बेकरीवाल्यानं डोळे घट्ट मिटले आणि पडण्याची वाट बघितली. पडणं काही येईना. एक डोळा उघडला तर उंचीचा काटा हळूहळू वर सरकत होता. पेट्रोल नावापुरतं, इंजिन बंद, दोन धादांत खोटारडी माणसं आत, आणि ते वर चालले होते. त्याला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम.

खाली मेहुणी दोन्ही हात हलवून परत बोलवत होती. उतरायचं का, बाईनं विचारलं.

"मला काही घाई नाही," तो म्हणाला आणि निम्म्या गादीवर नीट सरकून बसला.