गव्यानं पुढं काय केलं

"गडी माणूसच पाहिजे," तानाबाई म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

काउंटरमागच्या मोनानं टाइप करता करता हात थांबवला. तानाबाईंशेजारी त्यांचे यजमान हंबीरराव उभे होते. तालमीतले दोन जोडीदार मानेला लोंबकळले तरी आपली मान वाकली नाही, असं ते आजवर सांगत आले होते. ती मान आता आपसूक खाली गेली. बाकावर बसलेल्या दोघी बायकांनी मोबाईलमधून डोकी वर काढली.

"काकू, आमच्या मॅडम चांगल्या हायत," मोना म्हणाली. "बायका सगळ्या त्यांच्याकडंच जात्यात. मोकळं बोलता येतंय."

"असू देत चांगल्या. मला सर पाहिजेत."

"अगं ए," हंबीरराव दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा दबका आवाज म्हणजे, गंगावेशीत सुटला तर रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशींनी कान टवकारावेत. "लाज हाय का न्हाय? चारचौघांत काय मागतीस?"

तानाबाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. मोनाकडं वळून त्या सावकाश म्हणाल्या, "बायकांनी माझं लई ऐकलंय बघ, पोरी. आईनं ऐकलं, जावांनी ऐकलं, आता सून ऐकती. गडी माणूस गप बसून ऐकतोय का, ते एकदा बघायचं हाय. मला आपलं—"

"म्हंजे? मी काय ऐकत न्हाय व्हय?" हंबीरराव मध्येच म्हणाले.

बाकावरच्या एकीनं पदर तोंडाला लावला. हंबीररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुस्तीत मोडलेले ते कान गेली काही वर्षं कशानंच तापत नव्हते.

गोष्ट घशाची होती. तानाबाईंच्या घशात गोळा अडकला होता. भाकरी उतरेना, पाणीसुद्धा घोटाघोटानं प्यावं लागे. घशाच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं, तर आत सगळं धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. मीठमोहऱ्या उतरून झाल्या. शेवटी त्याच डॉक्टरनं सांगितलं की दुखणं घशातलं नाही, मनातलं आहे, समुपदेशकाला दाखवा. हा शब्द हंबीररावांनी तीनदा विचारून घेतला आणि कट्ट्यावर मात्र सांगितलं, "मंडळींची दाढ ठणकतीया."

गंगावेशीतला हा कट्टा म्हणजे हंबीररावांचा दरबार. संध्याकाळी म्हशी रस्त्यावर उभ्या करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढायची आणि पेला रिकामा होईस्तोवर हंबीररावांनी गोष्ट सांगायची. गोष्टीला एक हूं देणारा लागतो. हूं थांबला की गोष्ट मेली, हे हंबीररावांचं शास्त्र. कट्ट्यावर कृष्णात हूं द्यायचा आणि त्याबदली फेसाळ दूध फुकट प्यायचा. घरात तानाबाई द्यायच्या, लग्न झाल्यापासून, चुलीपुढून, गॅसपुढून, काहीही न पिता. खरं सांगायचं तर त्यांच्या घशातला गोळा हंबीररावांना कळला तो असाच. एका रात्री हूं आला नाही. तो त्यांनी दोनदा मागितला, तिसऱ्यांदा रागावले, आणि मग कुठं उठून तिच्याकडं बघितलं.

आतून हाक आली. समुपदेशक संघर्ष सर म्हणजे पातळ मिशीचा, बारीक आवाजाचा तरणा माणूस निघाला. एका हातानं उचलून खुंटीला टांगता येईल असा. हंबीररावांना जरा बरं वाटलं. तानाबाई आत गेल्या, दार बंद झालं आणि हंबीरराव अगदी सहज, वारा लागावा म्हणून, दारालगतच्या खुर्चीवर जाऊन बसले. भिंत प्लायवूडची होती.

"सर, मी अशी बसू का?" आतून तानाबाईंचा आवाज आला. "तोंडाकडं बघून बोलायची सवय न्हाय. आमच्यात सोप्यात गडी बसलं की आमी दाराआडनंच बोलतो."

"बसा की. तुम्हाला बरं वाटेल तसं."

खुर्ची फिरवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. हंबीररावांना वाटलं, झालं, फी पाण्यात. तेवढ्यात तानाबाई बोलू लागल्या.

"मी राधानगरीकडची. लगीन होऊन वरीस झालतं. माहेरी आलते. डोईवर भाकरीची बुट्टी घेऊन रानात निघालते, आणि वाटंत गवा आडवा."

"हूं," सर म्हणाले.

हंबीरराव ताठ झाले. गव्याची गोष्ट त्यांची होती! कोल्हापुरात कुणालाही विचारावं. सासुरवाडीहून येताना बैलगाडीला गवा आडवा आला, बायको बेशुद्ध पडली, आणि हंबीररावांनी शिंगं धरून त्याला रेटत रेटत पार जंगलात नेऊन सोडलं. तेव्हापासून तिकडचे गवे कोल्हापूरचा माणूस दिसला की वाट सोडतात. या गोष्टीवर त्यांनी कितीतरी संध्याकाळी काढल्या होत्या. पाहुण्यांपुढं सांगताना तानाबाई चहा घेऊन यायच्या. 'ही बघा, हीच ती बेशुद्ध पडल्याली,' म्हटलं की पाहुणे हसायचे आणि त्या कपबशा ठेवून आत जायच्या.

"संगं कोण होतं?" सरांनी विचारलं.

"कोण न्हाय. आमचं मालक हिकडं, तालमीत. पोटात थोरला हुता माझ्या."

"हूं."

"पळावं म्हटलं तर पाय उचलंना. मग मी बुट्टी खाली ठेवली. पदर खवला. त्याच्या डोळ्यात बघितलं आणि—"

"ओ काका!" मोना समोर येऊन उभी होती. "तिथं कान लावायचा न्हाय. हिकडं येऊन बसा बघू."

हंबीरराव उठले. बाकावरच्या बायका बघत होत्या. पाण्याच्या मशीनपाशी एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. दुसऱ्याच्या रानातला ऊस मोडताना सापडलेल्या पोरासारखे ते त्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांत धरले. मिशीला पीळ द्यायला हात वर गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं रात्री सांगायला घेतलं होतं, "अवं, माहेरी गवा आडवा आला." ते म्हणाले होते, "गव्याचं काय घिऊन बसलीस, मी सांगतो ऐक." दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गोष्ट तयार होती. त्या रात्री तिचं बोलणं कुठवर आलं होतं, हे त्यांना आता काही केल्या आठवेना.

तानाबाई बाहेर आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता. मोनाकडं त्यांनी पाणी मागितलं आणि पेला उभ्या उभ्या, न थांबता रिकामा केला. हंबीरराव त्या पेल्याकडं बघत राहिले.

स्कूटर कट्ट्यापाशी आली तसा कृष्णात आडवाच आला. "आली का दाढ काढून? या या, सांगलीचं पावणं आल्यात. वैनी, तुमी बी उतरा. हंबीरराव, गव्याची होऊन जाऊ द्या!"

म्हशीची धार पेल्यात वाजत होती. पाहुण्यांनी सरकून जागा केली. हंबीररावांनी एक पाय जमिनीला टेकला, तोंड उघडलं. आरशात मागं बसलेल्या तानाबाई दिसल्या. त्या दुसरीकडंच बघत होत्या.

"आज नको," ते म्हणाले. "घसा धरलाय."

"तुमचा?" कृष्णात हसायला लागला. हंबीररावांनी गाडी पुढं काढली.

रंकाळ्याच्या कडेला, जरा ओस जागा बघून, त्यांनी गाडी बंद केली. उतरले नाहीत. मागंही वळले नाहीत. हँडलकडं बघत म्हणाले,

"डोळ्यात बघितलंस. मग?"

तानाबाईंनी त्यांच्या पाठीकडं बघितलं.

"कान लावलासा व्हय दाराला?"

"व्हय."

पाण्यात कुणीतरी म्हैस हाकत होतं. तानाबाईंनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"त्याच्या कानात गोचीड हुती," त्या म्हणाल्या. "ही एवढी थोरली."

हंबीररावांच्या ओठांवर आलं होतं की गव्याच्या गोचिडी नारळाएवढ्या असतात, आपण एक उपटून आणली होती. त्यांनी ते गिळलं. गिळायला जड गेलं.

"हूं," ते म्हणाले. जरा बसकाच निघाला. सवय नव्हती.