चिकटवलेला कुत्रा

माझी थोरली जाऊ आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि विमा कंपनीत नोकरी करते. तिच्या मते मी दिवसभर काहीच करत नाही. असं ती तोंडाने कधी म्हणत नाही. ती म्हणते, "तू घरीच असतेस ना!" मग तिचं पार्सल माझ्याकडे येतं, नळ दुरुस्त करणारा तिच्या घराची किल्ली माझ्याकडून नेतो, आणि तिच्या मुलाला सुट्टी असली की तो सकाळीच डबा घेऊन माझ्या दारात उभा असतो. मुलगा गोड आहे, उंच आणि काटकुळा, आम्ही त्याला शेंग म्हणतो. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार त्या "घरीच"मधल्या "च"बद्दल आहे.

मी माझ्या दोन्ही मुलांना घरी शिकवते. थोरली सात वर्षांची, सगळं गोळा करून ठेवते म्हणून खारू. धाकटा चार वर्षांचा, भोपळा. खारू एक वर्ष शाळेत गेली होती, शेंग जातो त्याच शाळेत. त्या वर्षात तिचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं आणि शेवटी शेवटी तर ती घरीसुद्धा मानेनेच हो-नाही सांगायला लागली. मग आम्ही तिला काढलं. सासूबाई रडल्या. जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या हौसेपायी पोरीचं नुकसान करू नकोस." मी मूग गिळून बसले, कारण तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर खारूने यंदा तयार केलं. जुन्या चादरीवर तिने आमच्या गल्लीचा नकाशा शिवला.

नुसता कागदावर काढला नाही, शिवला. रस्ता म्हणजे तपकिरी नाडी. गटाराची झाकणं म्हणजे कोटाची काळी बटणं. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून तिने त्याच्याच चिंध्या मागून आणल्या आणि त्यांतूनच त्याचं दुकान केलं. चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्या चांभारकाकांनी तिला लाल चामड्याचा तुकडा दिला, वर "हे मशीनवर नको, हातानेच टाच," असं बजावलं. बेकरी, लाँड्री, गुरांचा दवाखाना, गल्लीच्या टोकाला शेंगच्या शाळेचं फाटक, सगळं तिने जाऊन बघितलं, पावलांनी मोजलं, विचारलं. जी पोर शाळेत तोंड उघडत नव्हती, ती लाँड्रीवाल्याला विचारत होती, "तुमचं दार आत उघडतं की बाहेर रस्त्यावर?" बोटांना सुया टोचल्या, दोनदा सगळं उसवलं, एकदा चिडून कोपऱ्यात फेकून दिलं. मी दोरा ओवून देण्यापलीकडे हात लावला नाही. हात लावला की ती ओरडायची.

भोपळ्याचं काम एकच होतं, पण सगळ्यात भारी. गल्लीत एक भुरा कुत्रा आहे. तो रोज वेगळ्या जागी झोपतो. भोपळ्याने फाटक्या मोज्यात कापूस भरून तो कुत्रा केला, मी त्याच्या पोटाला टिचबटण लावून दिलं आणि नकाशावर बऱ्याच जागी बटणाचे दुसरे भाग लावले. सकाळी उठलं की दोघं खिडकीत जायची, कुत्रा कुठे झोपलाय ते बघायची आणि नकाशावरचा कुत्रा तिथे नेऊन टिच्च करून लावायची. आमचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

एका गुरुवारी संध्याकाळी जाऊबाई खाली आल्या. नकाशा बघितला, तपकिरी नाडीवरून बोट फिरवत अख्खी गल्ली पालथी घातली. मग म्हणाल्या, "शेंगला दाखवायला नेऊ का गं वर? उद्या देते."

खारू कुरकुरली. पण मीच जाऊबाईंना म्हटलं, "न्या की," आणि खारूला म्हटलं, "काकू नीट ठेवेल."

दुसऱ्या दिवशी नकाशा आला नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाल्या, "शेंगला फार आवडलाय, राहू दे ना दोन दिवस." भोपळा रोज खिडकीत जायचा, कुत्रा बघायचा आणि मग हात हलवत परत यायचा. लावायचा कुठे?

सोमवारी मी चपलेचा अंगठा शिवायला चांभारकाकांकडे गेले. ते हसतच म्हणाले, "पोरीने नाव काढलं हो! नातीच्या शाळेत प्रदर्शन आहे, आम्ही कालच जाऊन आलो. तुमचा नकाशा पहिला आलाय. लांबून चामडं ओळखलं मी. पण नाव दुसऱ्याच कुणाचं लावलंय, ते बदलून घ्या. चुकलं असेल."

त्यांची नात शेंगच्याच शाळेत आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पाय अनवाणी होता याचंही भान राहिलं नाही. घरी गेले, दुसऱ्या चपला घातल्या, दोन्ही मुलांना घेतलं आणि तडक शाळा गाठली.

प्रदर्शन मोठ्या हॉलमध्ये होतं. भुसभुशीत ज्वालामुखी, थर्माकोलचे ग्रह, काडेपेट्यांचा पूल. आणि मधोमध, प्लायवूडच्या फळ्यावर ताणून, आमची गल्ली. वर निळी फीत. खाली छापील पट्टी: "माझा परिसर", शेंगचं पूर्ण नाव, इयत्ता तिसरी.

खारूने नकाशाचं टोक धरून उचलायचा प्रयत्न केला. टोक हलेना. सगळा नकाशा डिंकाने फळ्याला चिकटवलेला होता, आणि कुत्रासुद्धा. शाळेच्या फाटकासमोर, अगदी सरळ, पाय खाली करून.

"तो इथे झोपतच नाही!" भोपळा एवढ्या जोरात ओरडला की हॉलमधली माणसं वळली. "इथे कधीच झोपत नाही तो! इथे वॉचमन हाकलतो त्याला!"

मी खारूकडे बघितलं. ती पुन्हा मान खाली घालून उभी होती, तशीच, शाळेच्या त्या वर्षात उभी राहायची तशी. त्या क्षणी मी ठरवलं की आज गप्प बसायचं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला खोलीत बसवलं. खारूकडे बघत, पण मला विचारल्यासारखं त्या म्हणाल्या, "आपल्याकडेच होती ना ही? आता बोलते का थोडंफार?"

"समोर बसली आहे. तिलाच विचारा."

त्यांनी विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग हसून म्हणाल्या, "अहो, घरच्या घरी आईची मदत असते, ते आम्ही समजू शकतो. पण सात वर्षांच्या मुलीने हे केलं असं म्हणणं जरा जास्त होतंय."

"आठ वर्षांच्या मुलाने केलं यावर तुमचा विश्वास बसला ना? बक्षीस दिलंत. तो विश्वास आता कुठे गेला?"

त्यांचं हसू मावळलं. "हे बघा, बक्षीस मिळालेल्या वस्तू शाळेतच राहतात. पुढच्या आठवड्यात पाहणीसाठी मंडळी येणार आहेत. आणि हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. मी त्या मुलाच्या आईंना बोलावते."

जाऊबाई ऑफिसातून धावतच आल्या. खांद्यावर पिशवी, गळ्यात ओळखपत्र तसंच. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, आता ही खोटं बोलणार, आणि मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "काही नाही, एक छोटासा गैरसमज आहे. काही लोक मुलांना घरी बसवून ठेवतात, आणि मग शाळेत जाणाऱ्या मुलांचं कौतुक त्यांना बघवत नाही. तुम्ही फक्त सांगा, प्रकल्प तुमच्याच मुलाचा आहे ना?"

जाऊबाईंनी खारूकडे बघितलं. खारू जमिनीकडे बघत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "हिने केलाय. मी उचलून आणला. कुणाला विचारलं नाही."

जाऊबाईंना आता कंठ फुटला होता.

"आणि मॅडम, घरी बसवून ठेवतात म्हणजे काय? ही पोर दिवसभर गल्लीत हिंडून माणसांना प्रश्न विचारते. माझा मुलगा सोमवारी चिठ्ठी आणतो, शुक्रवारी प्रतिकृती हवी. मी घरी पोचते तेव्हा तो पेंगत असतो. करणार कोण? बाहेर टेबलांवर बघा जरा. तो ज्वालामुखी ज्या मुलाच्या नावावर आहे ना, त्याच्या बापाच्या हाताला पट्टी आहे. पूल माझ्या मैत्रिणीने केलाय, दोन दिवस रजा टाकून! तुम्ही पोरांना बक्षिसं देत नाही आहात, आम्हाला देताय. आणि आम्हाला ती नको आहेत, आम्हाला झोप हवी आहे!"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. घरात इतके दिवस मला ऐकवलं ते काय होतं मग?

मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "फक्त फळा शाळेचा आहे. तो परत आणून द्या."

फळा. त्यांना फळ्याची काळजी होती.

आम्ही दोघी तो फळा दोन टोकांना धरून घरी घेऊन आलो. जिन्याशी पोचल्यावर मी म्हटलं, "वहिनी, तिथे बोललात ते बरं केलंत. पण त्याने हे मिटत नाही."

"माहीत आहे."

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. मी तुमच्या भरवशावर पोरीला गप्प केलं. आणि उद्यापासून पार्सल, नळवाला, किल्ली, सगळं बंद. मी घरी असते ते कामावर असते."

त्यांनी नुसती मान हलवली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ओल्या फडक्याने आणि बोथट सुरीने मी नकाशा सोडवायला घेतला. रस्ता निघाला, शिंप्याचं दुकान निघालं, लाल चामडं निघालं पण डागाळलं. कुत्रा निघाला नाही. म्हणजे निघाला, पण पोट फळ्यालाच राहिलं. भोपळ्याने भोकाड पसरलं. नवरा कामावरून येऊन हात धूत होता, तो म्हणाला, "अगं, मोज्याचा तर कुत्रा. दुसरा करू. घरातलीच गोष्ट आहे, किती ताणायचं?"

"तुझी पाठ कुणी फळ्याला चिकटवली असती तर ताणलं असतंस?" मी म्हटलं. तो मुकाट्याने दुसरा मोजा शोधायला गेला. त्याचाच मोजा होता, आणि तो फाटकाही नव्हता. मी अडवलं नाही.

तेवढ्यात जाऊबाई दारात आल्या. मागे शेंग, लालबुंद डोळे. तो आधी पुढे झाला. "मी सांगितलं होतं आईला की नको," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

जाऊबाई खारूसमोर खाली बसल्या. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं तुला."

"विचारलं असतंस तर मी दिलाच नसता," खारू म्हणाली. केवढा खणखणीत आवाज!

"म्हणून तर नाही विचारलं," जाऊबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच उत्तराने ओशाळल्या.

खारूने विचार केला. "मग आता शेंगदादा काय देणार शाळेत?"

तोच प्रश्न होता. मुख्याध्यापिकाबाईंनी निळी फीत काढून घेतली होती, वर नवा प्रकल्प आठवड्यात मागितला होता. रविवारी शेंग आमच्या टेबलाशी बसला. त्याला आपल्या इमारतीची लिफ्ट करायची होती. बुटांचा खोका, दोरा, रिळाची चाकं. जाऊबाई शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. त्याने खिडकी तिरकी कापली तेव्हा त्या कात्रीकडे सरकल्याच.

"काकू, हात मागे," खारू म्हणाली.

त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. खोटं सांगत नाही, खरोखर मांडीखाली. लिफ्ट संध्याकाळपर्यंत झाली. चालली, पण दुसऱ्या मजल्यावर अडकायची. शेंग म्हणाला, "खरी पण तिथेच अडकते," आणि पोट धरून हसला. त्याला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

पुढच्या आठवड्यात माझी मुलं पीठ भिजवून त्याची अक्षरं करत होती, तेव्हा जाऊबाई ऑफिसचे कपडे न बदलताच खाली आल्या. हातात लिफ्टचा खोका. त्याच्या पाठीवर लाल शाईत वर्गाच्या बाईंचा शेरा होता.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच."

मी वाचलं. "श्रेणी क. काम ओबडधोबड आहे. पालकांनी लक्ष द्यावे."

"पालकांनी लक्ष द्यावे!" जाऊबाईंचा आवाज जिन्यात घुमला. "अख्खा रविवार मी हातावर बसून काढला! हात बधिर झाले माझे! याच्याइतकं लक्ष आयुष्यात दिलं नव्हतं मी!"

मी खुर्चीवरची अक्षरं बाजूला केली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.